माळ्यावरचे ओझे

सुगी आटोपली, मळणी होऊन भात घरात येऊन पडले, की आमच्या गावांतील माउल्यांचे लक्ष घराकडे वळते. नाताळ तोंडावर आलेला असतो. भिंतींना चुना वा रंग द्यावयाचा, कौलांखालची जळमटे झाडावयाची, पेट्या-ट्रंका उन्हात काढावयाच्या, अशी एकच लगबग सुरू होते. ह्या लगबगीत घरातून जे बाहेर पडते त्याचे पुढे काय होते, ह्याचा विचार मात्र फारसा कोणी करीत नाही. घर निर्मळ झाले म्हणजे काम संपले, असे आपण समजतो. घर निर्मळ झाले खरे. परंतु गावाचे काय, आणि ओढ्याचे काय? आजच्या लेखात ह्याच प्रश्नाचा थोडा विचार करावा असे आम्ही योजिले आहे.

घरांना आशीर्वाद देण्यासाठी आम्ही दरवर्षी दारोदार जातो. ओटी होते, माजघर होते, स्वयंपाकघर होते. आणि मग एका बंद दारापाशी घरची बाई आडवी उभी राहते. “फादर, ती खोली तेवढी राहू द्या. तिथं पवित्र पाणी शिंपडायला बी जागा नाही बघा!” सारे हसतात, आम्हीही हसतो आणि पुढे जातो. परंतु अशी एक खोली, नाहीतर असा एक माळा, बहुतेक प्रत्येक घरात असतो. तीन पायांची खुर्ची, बुरसटलेली गादी, बंद पडलेला मिक्सर, रंगाचे रिकामे डबे, मुलांची दहा वर्षांपूर्वीची वह्या-पुस्तके आणि पिशव्यांनी भरलेल्या पिशव्या, असा तेथील संसार असतो.

एका घरी माळ्यावर चार मोडक्या छत्र्या टांगलेल्या दिसल्या. “आजी, ह्या कशासाठी ठेवल्या?” असे आम्ही विचारले. त्या म्हणाल्या, “त्यातली एक ह्यांची हाय, फादर. कुठली ती आता कळत नाही, म्हणून चारी बी ठेवल्यात.” आजींच्या त्या उत्तरात मोठे मर्म आहे. ज्या वस्तूंवर आपला जीव असतो त्यासुद्धा अडगळीच्या ढिगाऱ्यात हरवून जातात. ज्याने सर्वच साठविले, त्याला हवे ते सापडत नाही.

परंतु आमच्या वडीलधाऱ्यांना कोणी नावे ठेवू नयेत. त्यांनी टंचाई पाहिली आहे. १९७२ च्या दुष्काळाच्या गोष्टी ज्यांच्या तोंडून आपण ऐकल्या, त्यांना दोरीचा तुकडादेखील टाकवत नाही, ह्यात नवल ते काय? शिवाय त्यांची काटकसर डोळस होती. लुगडे विरले की त्याची वाकळ होई. वाकळ झिजली की तिचे पोतेरे होई. आणि पोतेरे कुजले की ते उकिरड्यात जाऊन मातीला मिळे. फुटके तांब्या-पितळेचे भांडे मोडीत देऊन त्यात भर घालून नवे आणीत. जुने कपडे बोहारीण नेई आणि त्यांवर एखादे पातेले देऊन जाई. चुलीची राख भांडी घासावयास, शेणपाचोळा शेताला, करवंटी जळणाला. सारांश, त्या घरांत वस्तू साठत नसे, ती फिरत असे. एकाचे काम संपले की ती दुसऱ्याच्या कामाला लागे. काटकसर म्हणतात ती हीच. वस्तू कोंडून ठेवणे ही काटकसर नव्हे, आणि ती उचलून कोठेही फेकणे ही स्वच्छता नव्हे.

आता दिवस पालटले आहेत. बाजारातून आज जे घरात येते त्यातील पुष्कळसे मातीला मिळतच नाही. प्लॅस्टिकची पिशवी उकिरड्यात टाकली तर ती खतात मिसळत नाही, शेतात जाऊन पडते आणि नांगराच्या फाळाला अडकते. शिळ्या अन्नासकट बांधून टाकलेली पिशवी गाय तशीच गिळते. ती तिच्या पोटात पचतही नाही आणि बाहेरही पडत नाही. जनावर खंगत जाते आणि मालकाला कारण कळत नाही.

ओढ्याची गोष्ट तर ह्याहून दूरची आहे. आमचा खानापूर तालुकाच घ्या. मलप्रभा ह्याच तालुक्यात कणकुंबीस उगम पावते. ती पूर्वेकडे जाते, सौंदत्ती तालुक्यातील धरणात साठते, हुबळी-धारवाडच्या लोकांची तहान भागविते आणि पुढे कूडलसंगम येथे कृष्णेला मिळते. ह्याच तालुक्याच्या भीमगड भागातून म्हादई निघते. ती पश्चिमेकडे घाट उतरते, गोव्यात मांडवी म्हणून ओळखली जाते आणि पणजीपाशी समुद्राला मिळते. म्हणजे आमच्या परसातील ओढ्यात टाकलेली वस्तू एका बाजूस कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जावयाची, नाहीतर दुसऱ्या बाजूस कोणा मच्छिमाराच्या जाळ्यात सापडावयाची. आपण ज्याला ‘बाहेर’ म्हणतो, ते दुसऱ्या कोणाचे तरी घर असते.

तेव्हा माळा रिकामा करावयाचा म्हणजे माळ्यावरचे ओझे शेजाऱ्याच्या डोक्यावर द्यावयाचे नाही. प्रत्येक वस्तूला तिचे पुढचे ठिकाण नेमून द्यावयाचे. हे कसे करावे ते थोडक्यात सांगतो.

एकाच दिवशी सारे घर काढू नये. एक माळा किंवा एक कपाट घ्यावे. प्रत्येक वस्तू हातात घेऊन तीन प्रश्न विचारावे. गेल्या वर्षभरात हिचा उपयोग झाला काय? दुरुस्त केल्यास होईल काय? आपल्याला नाही, तर दुसऱ्या कोणाला होईल काय? दुरुस्तीची वस्तू पंधरा दिवसांत दुरुस्तीला गेलीच पाहिजे. न गेली तर ती अडगळ समजावी. आठवणीच्या वस्तूंसाठी घरात एक पेटी असावी, एकच. आजोबांची जपमाळ, लग्नाचा फोटो, पहिल्या पवित्र भोजनाचे प्रमाणपत्र तीत जपून ठेवावे. पेटी भरली, तर त्यातील काय काढावे हे घरच्यांनी एकत्र बसून ठरवावे.

कपड्यांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावयाची आहे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या जिल्ह्यात महापूर आला आणि हजारो कुटुंबांना घरे सोडावी लागली. अशा संकटात कपड्यांची गाठोडी पाठविणे हे चांगलेच. परंतु फाटके, डागाळलेले, बटणे तुटलेले कपडे पाठवून आपण कोणाचा मान राखतो? जो कपडा आपल्या सख्ख्या भावाला देताना लाज वाटणार नाही, तोच धुऊन, शिवून, घडी घालून द्यावा. उरलेल्या सुती कपड्यांची वाकळ करावी, पिशव्या शिवाव्या, पुसणी करावी. चौथ्या शतकातील कप्पदुकियाचे बिशप संत बासिल ह्यांनी आपल्या एका प्रवचनात श्रीमंतांना बजावले होते की, पेटीत पडून राहिलेला अंगरखा हा मुळी उघड्या माणसाचा आहे. हे बोल पेटीत दडलेल्या चांगल्या अंगरख्याविषयी आहेत, फाटक्याविषयी नव्हेत, हे लक्षात ठेवावे.

रद्दी, लोखंड, पत्रा, ॲल्युमिनियम, काच आणि पाण्याच्या प्लॅस्टिक बाटल्या भंगारवाला नेतो. ॲल्युमिनियमचे जुने भांडे वितळवून नवे करावयास, खनिजापासून नवी धातू काढण्यास लागते त्याच्या वीसाव्या हिश्श्याएवढीच ऊर्जा पुरते. म्हणून तो भंगारवाला आपला उपकारकर्ताच समजावा, आणि त्याला दारातून हाकलू नये. फुटकी काच जाड कागदात गुंडाळून ‘काच’ असे लिहून निराळी द्यावी, म्हणजे त्याच्या हातातून रक्त निघणार नाही. मात्र रद्दी देण्यापूर्वी घरातील शहाण्या माणसाने ती एकदा चाळावी. जमिनीचे उतारे, शाळा सोडल्याचे दाखले, बँकेची पुस्तके रद्दीत जातात आणि मग वर्षभर हेलपाटे सुरू होतात. बाप्तिस्म्याचा दाखला हरवला म्हणून धावत येणाऱ्यांना आम्ही नवा देतो. पण उताऱ्यासाठी धावाधाव करावी लागते ती कचेरीतच.

आता धोक्याच्या वस्तू. माळ्यावर त्या हमखास असतात. ट्यूबलाइटमध्ये पारा असतो. ती फोडू नये. जुन्या बॅटऱ्या, बंद मोबाइल, मुदत संपलेली औषधे ही निराळ्या डब्यात, मुलांच्या हाताला लागणार नाहीत अशी ठेवावी आणि ग्रामपंचायतीची कचरागाडी येते तेथे निराळी म्हणून सांगून द्यावी. २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका आणि घरगुती धोक्याचा असे कचऱ्याचे तीन भाग करावयास सांगितले ते ह्याचसाठी. त्याच वर्गात, किंबहुना त्याहून वर, कीटकनाशकाचे रिकामे डबे येतात. चांगला मजबूत डबा आहे म्हणून तो धुऊन त्यात रॉकेल, तेल, कधी पिण्याचे पाणीदेखील ठेवणारी घरे आहेत. असे कधीही करू नये. कितीही धुतला तरी त्याचा विश्वास धरू नये. फवारणीच्या वेळीच तो तीनदा विसळून ते पाणी पंपात ओतावे, डब्याला भोके पाडून तो पुन्हा वापरता येणार नाही असा करावा, आणि विहीर-ओढ्यापासून दूर ठेवावा. ह्या एका बाबतीत काटकसर करणे म्हणजे मुलाबाळांच्या जिवाशी खेळणे आहे.

स्वयंपाकघरातील ओल्या कचऱ्याला तर घराबाहेर जाण्याचे कारणच नाही. गुरे असतील तर भाजीची देठे, साली त्यांना घालाव्या. नसतील तर परसात तीन फूट लांब, तीन फूट रुंद, तेवढाच खोल असा खड्डा काढावा. ओल्या कचऱ्यावर पाचोळ्याचा थर, त्यावर थोडी माती व शेणकाला, असे थर देत जावे. पावसाचे पाणी आत साचू देऊ नये आणि उन्हाळ्यात तो अगदी कोरडाही पडू देऊ नये. दोन-तीन महिन्यांत काळे, भुसभुशीत खत तयार होते. बाळांचे डायपर व स्त्रियांच्या वापरातील पॅड ह्या खड्ड्यात टाकू नयेत. कागदात नीट गुंडाळून, खूण करून निराळे द्यावे. गाडीवरची बाईही कोणाची तरी आईच असते, आणि तिने ते उघड्या हाताने वेगळे करावे अशी पाळी तिच्यावर आणू नये.

एवढे सारे झाल्यावर एक ढीग उरतो, ज्याला कोणीच घेत नाही. कुरकुरीत खाऊची चकाकणारी पाकिटे, शाम्पूच्या पुड्या, गुटख्याची वेष्टने. त्यांत प्लॅस्टिक आणि धातूचे पातळ थर एकमेकांना चिकटलेले असतात, ते सहज सुटे होत नाहीत. म्हणून भंगारवाला त्यांना हात लावीत नाही. ह्या ढिगाला एकच खरा उपाय आहे, आणि तो माळ्यावर नसून दुकानात आहे. दहा पुड्यांऐवजी एक बाटली घ्यावी, बाजाराला जाताना कापडी पिशवी न्यावी, आणि मुलांच्या हातात पाकिटाऐवजी भाजलेले शेंगदाणे नि गूळ द्यावा. जे घरात आलेच नाही, ते टाकावयाची काळजीही उरत नाही.

सणासमारंभातही हेच. प्लॅस्टिकची ताटे, पेले, चमचे आणि सजावटीचे थर्माकोल ह्यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली आहे. तरीही लग्नाच्या मांडवामागे ती दिसतातच. गावाने मिळून दोनशे स्टीलची ताटे घेतली आणि ती एका जागी ठेवली, तर प्रत्येक लग्नात, बारशात, महिन्याच्या मिस्सेनंतरच्या जेवणात ती कामी येतील. ख्रिस्तजन्माचा गोठा करावयाला थर्माकोल कशाला? भाताचा पेंढा, बांबू, पोत्याचे तुकडे आणि माती आपल्या परसातच आहे. खरा गोठाही काही ह्याहून निराळ्या सामानाचा नव्हता.

आणखी एक कळकळीची विनंती. परसात कचरा पेटवून देण्याची चाल मोडावी. त्याहून वाईट म्हणजे पावसाळ्यात ओले लाकूड पेटत नाही म्हणून चुलीत प्लॅस्टिकचा तुकडा घालणे. कोणते प्लॅस्टिक कशाचे हे आपल्याला कळत नाही. काहींच्या जळण्यातून डायॉक्सिनसारखी विषे निघतात. धूर आईच्या आणि तिच्या मांडीवरच्या बाळाच्या छातीत जातो, आणि राख भाजीच्या वाफ्यात. मे महिन्यातच शेणी, नारळाच्या सोडणांचे तुकडे आणि काटक्या कोरड्या जागी रचून ठेवाव्या. रिकामा झालेला माळा ह्या कामी फार उपयोगाचा!

पाच भाकरींचा चमत्कार आपल्याला ठाऊक आहे. पण त्यानंतर प्रभूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचावयास लावले, हे आपण विसरतो. ज्याने क्षणात पाच हजारांना जेवू घातले, त्यानेही उरल्यासुरल्याची हेळसांड होऊ दिली नाही. पोप फ्रान्सिस ह्यांनी २०१५ साली ‘लाउदातो सी’ ह्या परिपत्रकात कचरा वेगळा करणे, हवे तेवढेच शिजविणे, वस्तू पुन्हा वापरणे अशा अगदी लहान गोष्टींची नावे घेतली, ती ह्याच शिकवणीला धरून. मोठ्या परिपत्रकात एवढ्या लहान गोष्टी कशाला, असे कोणास वाटेल. परंतु संसार लहान गोष्टींचाच असतो.

येत्या रविवारी दुपारी, जेवणे झाल्यावर, घरातील आजी-आजोबांना खुर्चीवर बसवावे आणि मुलांना माळ्यावर चढवावे. मुलांनी एकेक वस्तू खाली द्यावी आणि आजोबांनी तिची हकिकत सांगावी. मग ती कोठे जावयाची ते सर्वांनी मिळून ठरवावे. ज्या वस्तूंत जीव होता त्यांची गोष्ट मुलांपाशी राहील, आणि वस्तू कोणाच्या तरी उपयोगाला जाईल. पुढच्या खेपेस आम्ही आशीर्वाद देण्यास येऊ तेव्हा ते दार उघडे असेल, अशी आम्हांस आशा आहे.