लहान बैठक आणि कडू गोष्ट

आमच्या शाळेच्या पालकवर्गात दोन गोष्टींविषयी फार भय दिसते. गाण्याच्या बैठकीत मुलगा बिघडतो, आणि उपहासाच्या कथा वाचून तो उर्मट होतो, असे पुष्कळांस वाटते. जुन्नर-आंबेगावच्या मातीत हे भय रुजावे ह्याचे आम्हांस नवल वाटते. नारायणगावास तमाशाची पंढरी म्हणतात. पाडव्याच्या सुमारास तेथे फडांच्या राहुट्या लागतात व गावोगावची मंडळी जत्रेची सुपारी द्यावयास येतात. आळे येथे तर, ज्याच्या मुखी वेद आले असे सांगतात, त्या रेड्याची समाधी आहे. विद्येचा ताठा उतरविण्यासाठी रेड्यास बोलता करणारी कथा ज्या तालुक्याने इतक्या भक्तिभावाने जपली, त्याने उपहासास भ्यावे काय?

तमाशा हजारोंसमोर होतो, हे खरे. परंतु बैठकीची लावणी निराळी. गाणारी बसून गाते, श्रोते मोजके असतात, आणि शब्दाचा अर्थ नजरेने व हाताच्या एका फिरकीने उलगडतो. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) ह्यांनी ही कला शेवटपर्यंत सांभाळली. त्यांस २०१२ मध्ये पद्मश्री मिळाली. आमच्या समाजातही रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) अभंग व कीर्तनाचा मार्ग धरला, तो अशाच जवळच्या ऐकण्यासाठी होय, असे आमचे मत आहे. पेटी, टाळ आणि दहा-बारा माणसे ह्यांपलीकडे भजनास काय लागते? दूर ब्राझील देशात १९५८ च्या सुमारास जोआंव जिल्बेर्तो नावाचा गायक गिटार घेऊन इतक्या हळू आवाजात गाऊ लागला की, जणू शेजारच्या माणसाशी बोलतो आहे. सारे जग ते ऐकावयास थांबले. आमच्या वरातींतील कर्ण्यांस हे कोणी सांगावे!

आता गोष्टींकडे वळू. अण्णा भाऊ साठे (१९२०–१९६९) तमाशाच्या फडात वाढले, आणि कथाही लिहून गेले. त्यांच्या ‘स्मशानातील सोनं’ ह्या कथेतील भीमा, खाणीचे काम बंद पडल्यावर, प्रेतांच्या राखेत व दातांत सोने शोधतो; एका प्रेताच्या जबड्यात त्याची बोटे अडकतात व तो ती गमावतो. त्यानंतरच खाण पुन्हा सुरू झाल्याची बातमी येते. ही गोष्ट वाचून जो हसेल त्यास लगेच आपल्या हसण्याची लाज वाटेल, आणि तीच तिची कमाई आहे. ब्राझीलचेच माशादो दि आसीस (१८३९–१९०८) ह्यांची १९०६ मधील एक कथा अशीच आहे. एक गरीब बाप, आपले तान्हे मूल टाकावे लागू नये म्हणून, पळालेल्या गर्भवती गुलाम स्त्रीस पकडून मालकाच्या दारी नेतो. बक्षीस मिळते, त्याचे मूल वाचते. तिचे मात्र जन्मापूर्वीच जाते. त्या देशात गुलामगिरी १८८८ मध्ये कायद्याने संपली होती. लेखकाने ती विसरू दिली नाही, एवढेच.

अशा गोष्टी अधार्मिक आहेत असे म्हणणाऱ्या पालकांनी २ शमुवेलचा बारावा अध्याय पुन्हा उघडावा. नाथान संदेष्ट्याने दावीद राजास उपदेश केला नाही. गरिबाच्या एकुलत्या मेंढीची छोटीशी गोष्ट सांगितली. राजा संतापला, श्रीमंतास देहदंड योग्य ठरविता झाला, आणि मग त्यास कळले की तो श्रीमंत आपणच. मुसळ आणि कुसळ, उंट आणि सुईचे नाक, हे दृष्टान्तही हसवून टोचणारे आहेत.

पाचवी-सहावीच्या मुलांस असल्या कथा देऊ नयेत, हे आम्हांसही मान्य आहे. परंतु नववीच्या पुढे त्या दडवून ठेवण्यात काय अर्थ? घोडेगाव-मंचरच्या बाजारात मुले त्याहून कठोर गोष्टी रोज पाहतात, फक्त त्यांवर कोणी त्यांच्याशी बोलत नाही.

तेव्हा महिन्याच्या शेवटच्या शनिवारी शाळा सुटल्यावर एका वर्गात सतरंजी अंथरावी, पेटी-तबला आणावा, ध्वनिक्षेपक आणू नये. दोन गाणी व्हावीत, आणि एखाद्या विद्यार्थ्याने एक कथा मोठ्याने वाचावी. पालकांसाठी पुढची रांग राखून ठेवता येईल.