भाड्याच्या तट्टूलाही पोट असते

टांग्याचे दिवस गेले. आमच्या गोंदिया जिल्ह्यात आज जे बांधव तट्टू किंवा घोडी बाळगतात, त्यांची रोजी बहुतेक लग्नाच्या वरातीवर चालते. आम्ही कापडवाले आणि हे घोडीवाले एकाच मोसमाचे धनी. लगीनसराई आली की आमच्या दुकानात गर्दी होते आणि त्यांच्या दारात सुपारी येते. मोसम सरला की आमचे तागे फळीवर पडून राहतात. पण ताग्याला दाणा लागत नाही, तट्टूला रोज लागतो. खरी गोम इथेच आहे.

पावसाळ्यात कमाई थांबली की पहिली काटकसर तोबऱ्यात होते. आमचा जिल्हा धानाचा. राइस मिलचा कोंडा आणि धानाचे तणस सहज मिळते, म्हणून त्यावरच जनावर जगवले जाते. पोट भरलेले दिसते, पण ही बचत नव्हे. भाताच्या कोंड्यात फॉस्फरस फार आणि कॅल्शियम अगदी थोडे असते. महिनोन्महिने मुख्य खुराक तोच राहिला तर शरीर हाडांतले कॅल्शियम ओढून घेते, जबड्याची हाडे फुगतात आणि जनावर लंगडू लागते. दुसरा धोका लाखोरीचा. तिचे दाणे किंवा चुनी घोड्याला बरेच दिवस खाऊ घातली तर मागचे पाय लुळे पडतात, श्वास घरघरू लागतो.

मग द्यावे काय? दोनशे किलोच्या तट्टूला दिवसाला तीन ते चार किलो चांगले वाळलेले गवत लागते. घोड्याचे जठर लहान असते, म्हणून ते थोडे थोडे, तीन-चार वेळा द्यावे. जोडीला थोडे बरसीम किंवा लसूणघास असावे, त्यातून कॅल्शियम मिळते. दाणा कामाच्या मानाने द्यावा, एका वेळी किलोच्या आतच. काम बंद असेल तर दाणा कमी करावा, चारा नव्हे. बुरशी आलेले तणस फेकून द्यावे, कारण घोड्याला ओकता येत नाही; पोटशूळ झाला की जीवावर बेतते. खुराक बदलायचा तर आठ-दहा दिवसांत हळूहळू बदलावा. मीठ आणि स्वच्छ पाणी समोर असावे. उन्हाळ्यात वीस लिटरही पुरत नाही.

१९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याने जनावर उपाशी ठेवणे गुन्हा आहे. पण आमच्यासाठी त्याहून मोठी गोष्ट अशी की, उपाशी ठेवलेल्या व राबवलेल्या उंटाच्या मालकाला प्रेषित मुहम्मद (स.) यांनी अल्लाहचे भय बाळगण्याची ताकीद दिली होती. मुके जनावर आमच्याकडे अमानत आहे.

मात्र सगळा दोष घोडीवाल्याच्या माथी मारणे बरे नव्हे. वरातीच्या रोषणाईवर आम्ही सढळ हाताने खर्च करतो आणि घोडीच्या भाड्यात शे-दोनशेची घासाघीस करतो. ती घासाघीस शेवटी तोबऱ्यातून वसूल होते. आमचे म्हणणे साधे आहे. सुपारीचा इसार पावसाळ्यातच द्यावा. गवत स्वस्त असते त्या दिवसांत गावच्या व्यापाऱ्यांनी मिळून वर्षाचा चारा घ्यावा आणि तो कर्जे हसना म्हणून, बिनव्याजी, घोडीवाल्याला द्यावा. मोसमात तो फेडील. तट्टू मेले तर एका घराची रोजी जाते, आणि मग जकातीसाठी तेच घर आमच्या दारी येते. त्याआधीच चार पेंढ्या पोहोचवणे हाही हिशेबाचाच व्यवहार आहे.