सोसणे आणि स्वीकारणे

‘सहिष्णुता’ हा शब्द सार्वजनिक भाषणांत इतक्या वेळा उच्चारला जातो की, त्याच्या मूळ अर्थाची विचारपूस सहसा कोणी करीत नाही. संस्कृतातील ‘सह्’ या धातूपासून तो आला आहे. सहन करणे, सोसणे हा त्याचा गाभा. माणूस उन्हाळा सोसतो, दुखणे सोसतो, शेजारचा गोंगाट सोसतो. जे सोसावे लागते ते मुळात नसते तर बरे झाले असते, ही भावना त्यात गृहीतच असते. परक्या श्रद्धेविषयी केवळ सहिष्णुता बाळगणारा समाज तिला जागा देतो खरा. पण ती जागा हक्काची नसते, मेहेरबानीची असते. आणि ज्याने मेहेरबानी केली त्याला ती काढून घेण्याचीही मुभा असते.

हा निव्वळ शब्दच्छल नव्हे, हे केरळमधील एका शाळेत १९८५ साली घडलेल्या प्रकरणावरून स्पष्ट होते. ‘यहोवाचे साक्षीदार’ या ख्रिस्ती पंथातील एका कुटुंबाची तीन मुले तेथे शिकत होती. राष्ट्रगीत सुरू झाले की ती इतरांबरोबर आदराने उभी राहत. मात्र गात नसत. यहोवाच्या प्रार्थनेखेरीज अन्य कोणत्याही विधीत सहभागी होणे आपल्या धर्माला मान्य नाही, अशी त्यांची श्रद्धा होती. त्यांच्या थोरल्या बहिणींनीही पूर्वी तेच केले होते आणि कोणी हरकत घेतली नव्हती. त्या वर्षीच्या जुलैमध्ये एका आमदाराचे तिकडे लक्ष गेले. विधानसभेत प्रश्न उपस्थित झाला, आयोग नेमला गेला. मुले कायदा पाळणारी आहेत व त्यांच्याकडून राष्ट्रगीताचा अनादर झालेला नाही, असा आयोगाचाच अभिप्राय होता. तरीही शिक्षणखात्याच्या अधिकाऱ्याच्या सूचनेवरून मुख्याध्यापिकेने तिघांना शाळेतून काढून टाकले. मुलांच्या वर्तनात तसूभरही फरक पडला नव्हता. फरक पडला होता तो सोसणाऱ्यांच्या मर्जीत.

केरळ उच्च न्यायालयात या मुलांना न्याय मिळाला नाही. ११ ऑगस्ट १९८६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मात्र त्यांना पुन्हा शाळेत घेण्याचा आदेश दिला. न्या. चिनप्पा रेड्डी यांनी लिहिलेल्या निकालपत्रात दोन गोष्टी महत्त्वाच्या आहेत. राष्ट्रगीत गायलेच पाहिजे अशी सक्ती करणारा कायदा नाही, आणि आदराने उभा राहणारा त्याचा अवमान करीत नाही, ही पहिली. दुसरी अधिक मूलगामी आहे. एखादी श्रद्धा इतरांच्या बुद्धीला पटते की नाही, हा प्रश्नच नसून ती प्रामाणिकपणे व मनापासून बाळगलेली आहे की नाही एवढेच पाहावयाचे, असे न्यायालयाने म्हटले. निकालाच्या अखेरीस सहिष्णुतेचाच गौरव आहे. पण मुलांच्या पदरात पडले ते त्याहून मोठे होते. राज्यघटनेच्या १९ व्या व २५ व्या कलमांनी दिलेला हक्क त्यांना मिळाला. स्वीकार म्हणतात तो हाच.

येथे एक आक्षेप हमखास घेतला जातो. सर्वच श्रद्धा स्वीकारावयाच्या, तर अंधश्रद्धाही स्वीकारावयाच्या काय? हा आक्षेप स्वीकार आणि संमती यांची गल्लत करतो. त्या न्यायमूर्तींनी मुलांचा धर्म पत्करला नव्हता. श्रद्धा चुकीची वाटली तर तसे स्पष्ट सांगण्याचा, तिच्याविरुद्ध लिहिण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. शिवाय २५ वे कलम स्वतःच सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता व आरोग्य यांची मर्यादा घालते. महाराष्ट्राने २०१३ साली केलेला जादूटोणाविरोधी कायदाही मनातील श्रद्धेला शिक्षा करीत नाही; नरबळी व अघोरी प्रथा यांसारख्या कृत्यांना करतो. मत खोडून काढता येते, पण मत बाळगणाऱ्याचे समान स्थान काढून घेता येत नाही.

हे तत्त्व केवळ अल्पसंख्याकांच्या सोयीचे आहे असे समजणेही चुकीचे ठरेल. गोपाळ गणेश आगरकर बहुसंख्याकांच्याच समाजात जन्मले, फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तरी त्यांची मते सोसवली नाहीत म्हणून पुण्यातील सनातन्यांनी त्यांच्या हयातीतच त्यांची प्रेतयात्रा काढली. कोणत्या ना कोणत्या बाबतीत प्रत्येक माणूस एकटा असतो.

सोसल्या जाणाऱ्या माणसाची स्थिती कराराविना राहणाऱ्या भाडेकरूसारखी असते. मालकाचा चेहरा पाहून त्याला दिवस काढावे लागतात. बदलीच्या गावी खोली शोधताना आडनाव सांगण्यापूर्वी अडखळणारा कारकून, वर्गात डबा उघडण्यापूर्वी आजूबाजूला पाहणारा विद्यार्थी यांना उघडपणे कोणी छळलेले नसतेही. तरी सावध राहण्यात त्यांची जी शक्ती खर्ची पडते, तिचा जमाखर्च कोठेच मांडला जात नाही. कायदा ही किंमत पूर्णपणे भरून देऊ शकत नाही. ती कमी करणे वर्गात, कचेरीत आणि घरमालकाच्या दारात वावरणाऱ्यांच्याच हाती आहे. केरळमधील त्या मुलांना स्वतःच्या शाळेत परतण्यासाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. शाळेनेच त्यांचा हक्क ओळखला असता, तर त्या निकालाची गरजच पडली नसती.