स्वस्त प्रोसेसर, महाग वीज



घरच्या संगणकावर ‘आइन्स्टाइन ॲट होम’ या स्वयंसेवी गणना-प्रकल्पासाठी गणना करायची तर जुन्या बाजारातला आय सेव्हन २६०० प्रोसेसर घ्यावा, हा गेल्या अंकातील पत्रलेखकाचा सल्ला पटत नाही. हौस मात्र अगदी रास्त आहे. शेजारच्या हिंगोलीत औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहत असताना नांदेड-लातूरच्या घरांनी या प्रकल्पातून लायगोच्याच नोंदी चाळाव्यात, हे छानच. पण या कामात घरचा संगणक चोवीस तास राबतो, म्हणून हिशेब दुकानातल्या पावतीवर संपत नाही. २०११चा तो प्रोसेसर चार कोरचा, ९५ वॅटचा. २०२१चा रायझन ५ ५६००जी सहा कोरचा, ६५ वॅटचा. नुसत्या ३० वॅटच्या फरकाने महिन्याला सुमारे २२ युनिट जास्त जातात, आणि कामही कमीच होते. घरगुती बिल शंभर युनिटच्या वर सरकले की पुढच्या युनिटचा दर चढतो, ते वेगळेच.

कुणी म्हणेल, छापील वॅट म्हणजे मीटरचे वॅट नव्हेत. खरे आहे, प्लगमध्ये वॅटमीटर लावून बघावे. पण नव्या चिपला बायोसमधून ४५ वॅटवर बांधता येते, थोडा वेग सोडून. लातूरच्या मे महिन्यात या वाचलेल्या वॅटची किंमत कळते, कारण खाल्लेली सगळी वीज अखेर खोलीतच उष्णता होऊन उतरते आणि वर कूलर लावावा लागतो. वीज गेल्यावर काम वाया जाते, ही भीती बरीचशी फोल आहे: प्रोग्रॅम अधूनमधून प्रगती डिस्कवर नोंदवतो आणि तिथूनच पुढे चालू होतो. जुना संगणक घरात पडूनच असेल तर हिवाळ्यात रात्री खुशाल चालवावा. तो मुद्दाम विकत मात्र घेऊ नये.

— एक वाचक, नांदेड