तबकडीचे साल

सांगलीच्या गणपती पेठेत वा साताऱ्याच्या सदाशिव पेठेत जुना वाडा उतरवताना माळ्यावर ध्वनिमुद्रिकांची चळत निघते. वाटणीपत्रात तिचा उल्लेख नसतो. भंगारवाला ती वजनावर नेतो. क्वचित तीच तबकडी ‘पहिल्या छपाईची’ म्हणून भारी किमतीला विकली जाते. घेणाराही फसू नये आणि देणाराही, यासाठी लेबल वाचता यावे. मालावरची छाप पारखणाऱ्या घराण्यांना हे अवघड नाही.

१९०२ साली कलकत्त्यात गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, पण तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला तयार होऊन जहाजाने येत. लेबलवर पिसाने लिहिणारा पंखधारी देवदूत, ‘हॅनोव्हर’ हा शब्द आणि मागची बाजू कोरी असेल, तर तबकडी साधारण १९०८ पूर्वीची समजावी. त्या वर्षी कलकत्त्यात सियालदहला कारखाना निघाला. कर्ण्यापुढे बसलेला कुत्रा आपल्याकडील लेबलवर पुढे, पहिल्या महायुद्धाच्या सुमारास आला. ‘डमडम’ हे नाव दिसले तर छपाई १९२८ नंतरची, कारण तेथील कारखानाच तेव्हाचा.

नाटकाचे नाव हाही पुरावाच. सांगलीच्या खाडिलकरांचे ‘स्वयंवर’ १९१६ साली रंगभूमीवर आले. त्यातील पद त्याआधीच्या तबकडीवर असणे शक्य नाही.

खरी गफलत होते ती मुद्रण आणि छपाई एकच मानल्याने. मिरजेस स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांचे निधन १९३७ साली झाले. त्यांच्या तबकड्या मात्र पुढेही निघत राहिल्या. ओडियनच्या लेबलवरचे गाणे पुढे कोलंबियाच्या लेबलवरही मिळते. आवाज तोच, छपाई नंतरची. लेबलाशेजारी लाखेतच कोरलेला क्रमांक मुद्रणाचा माग देतो, लेबल छपाईचा. दोन्ही पाहिल्याशिवाय ‘मूळ प्रत’ असे सांगून पैसे घेणे म्हणजे दुय्यम प्रतीच्या दस्तावर मूळ दस्ताचा भाव लावणे होय.

या तबकड्यांचा मुख्य बांधक पदार्थ लाख, म्हणजे कीटकांचा स्राव. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत लाक्षावाणिज्य मोडते. तरी या वस्तू अनेक श्रावकांच्या घरी आल्या आणि आवडीने ऐकल्याही गेल्या. नवी लाख न उकळता आहे तेच जपण्याचे काम निदान निर्दोष आहे, असे म्हणता येईल.

जपताना स्पिरिटचा बोळा मुळीच लावू नये. लाख त्यात विरघळते. मऊ कोरडे कापड पुरे. तबकड्या उभ्या ठेवाव्यात, उन्हापासून दूर. आणि वाटणीच्या याद्या करताना भांडी-कपाटांच्या ओळीत दोन आकडे अधिक लिहावेत: लेबलवरचा क्रमांक आणि लाखेत कोरलेला.