वेबसाइट सभासदांना विचारून व्हावी



कारखान्याच्या नव्या वेबसाइटचे काम हाती घेतले आहे. ऊस नोंद, तोडणीची क्रमपाळी, वजन आणि बिल घरबसल्या मोबाईलवर दिसणार, ही गोष्ट चांगलीच आहे. पण ती कशी असावी हे नुसते ऑफिसात बसून ठरवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चूक आधी आमच्या शेतकी विभागाची झाली, ती कबूल करतो. नोंदीचा पहिला नमुना आम्हीच करून घेतला. सातबाऱ्यावर असते म्हणून क्षेत्र हेक्टर-आरमध्ये ठेवले. गट ऑफिसात एका जुन्या सभासदांच्या हाती मोबाईल दिला. ऊस एक एकर. त्यांनी बेधडक '१' टाकला आणि नोंद झाली एक हेक्टरची, म्हणजे अडीच एकरांची! वर म्हणाले, "साहेब, आम्ही एकर-गुंठ्यात बोलतो, तुम्ही पण तसंच विचारा की!" त्यांचा ओटीपी तर पुण्यातल्या मुलाच्या फोनवर गेला होता.

हसण्यावारी नेण्याची ही गोष्ट नाही. क्षेत्र चुकले की गाळपाचा अंदाज चुकतो. लागणीची तारीख चुकली की पाळी मागे पडते, ऊस फडात उभा वाळतो आणि वजनातली घट सभासदाच्या पदरात पडते.

पाडेगावच्या संशोधन केंद्राचा नवा वाणसुद्धा चाचण्या झाल्याशिवाय शिफारशीत येत नाही. मग वेबसाइटलाच चाचणी का नको? या विषयाचे अभ्यासक याकोब नील्सन यांनी २००० सालीच मांडले आहे की, पाच माणसांना वापरायला देऊन शेजारी बसले तरी बहुतेक अडचणी कळतात. त्या दुरुस्त करून पुन्हा पाच जण बसवावेत.

आमची सूचना एवढीच. प्रत्येक गटातून पाच सभासद घ्यावेत. त्यात आडसालीवाले असावेत, खोडवेवाले असावेत, जिच्या नावावर सातबारा आहे अशी भगिनी असावी आणि वाचायला अडखळणारेही असावेत. नोंद करा, पाळी बघा, बिल काढा, एवढेच सांगावे. मध्ये शिकवू नये. जिथे बोट थांबेल, तिथे चूक आपली.

कोणी म्हणेल, सभासदाला कॉम्प्युटरमधले काय कळते? अहो, वजनकाटाही त्याला बनवता येत नाही. पण काटा बरोबर आहे का, हे विचारायचा हक्क त्याचाच ना?

कारखाना सभासदांचा, तशी वेबसाइटही त्यांचीच. संचालक मंडळाने गाळप हंगामापूर्वी याचा विचार करावा आणि सभासदांनीही आपल्या अडचणी गट ऑफिसात मोकळेपणाने सांगाव्यात, ही नम्र विनंती.

— ऊस विकास अधिकारी