कुलूप घातलं, किल्ली कुणाकडे?

आमचे दादा जाऊन वर्ष होईल. मागच्या महिन्यात वहिनींनी बिस्किटांचा एक डबा माझ्यापुढे ठेवला. आत अकरा डीव्हीडी, प्रत्येक कागदी पाकिटात, पाकिटावर दादांचं वळणदार अक्षर. एकावर लिहिलेलं : 'आईच्या ओव्या, २०११. ट्रूक्रिप्ट.' आई जात्यावर बसायची तेव्हाच्या नाहीत, पण म्हातारपणी दादांनी तिला आग्रहाने म्हणायला लावलेल्या. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, तेवढी एक तरी उघडून द्या."

डीव्हीडी लावली. आत एकच मोठी फाइल, आणि तिला पासवर्ड हवा. आईचं नाव, गावाचं नाव, दादांची जन्मतारीख, सगळं घालून पाहिलं. दुकानात नेली तर तिथला मुलगा म्हणाला, "काका, कुणी उघडून देतो म्हणाला तर पैसे देऊ नका." त्याचं ऐकून वाईट वाटलं, पण तो खरं बोलला. असल्या कुलपांमागे बहुतेक वेळा एईएस नावाची पद्धत असते. अमेरिकेने ती २००१ साली प्रमाण म्हणून स्वीकारली. पासवर्ड नीट लांबलचक असेल तर अंदाजाने तो सापडणं अशक्यच. दादा काही 'एक दोन तीन चार' ठेवणाऱ्यातले नव्हते.

कुलूप घालणं चुकीचं असं मी म्हणणार नाही. २००७ साली ब्रिटनच्या कर खात्याच्या दोन सीडी टपालात गहाळ झाल्या. त्यांवर अडीच कोटी लोकांची माहिती होती, बँक खात्यांसकट. पासवर्ड होता, पण माहिती सांकेतिक केलेली नव्हती. म्हणजे दाराला नुसती कडी, कुलूप नाहीच. डीव्हीडी खिशात मावते, म्हणून ती हरवतेही सहज. बँकेची कागदपत्रं, पॅन कार्ड, दवाखान्याचे रिपोर्ट तिच्यावर ठेवायचे तर कुलूप हवंच.

पण या कुलपाला चोर आणि वारस यांतला फरक कळत नाही. माझा आक्षेप एवढाच आहे की आपण कुलूप घालताना फक्त चोराचा विचार करतो. आईच्या ओव्या कोण चोरणार होतं? आणि चोरल्या असत्या, तर बिघडलं काय असतं?

शिवाय नुसता पासवर्ड सापडून भागत नाही. ट्रूक्रिप्ट मे २०१४ मध्ये अचानक बंद पडलं. त्याच्या वारसदाराने, व्हेराक्रिप्टने, पुढे बरीच वर्षं जुनी कुलपं उघडून दिली, पण २०२३ च्या १.२६ आवृत्तीपासून तीही सोय गेली. आता १.२५.९ ही जुनी आवृत्ती शोधून ठेवावी लागते. डीव्हीडी वाचणारा ड्राइव्हही नव्या लॅपटॉपला सहसा नसतो. सोनीने तर कोऱ्या ब्ल्यू-रे डिस्कचं उत्पादन फेब्रुवारी २०२५ मध्ये थांबवलं. एकदा लिहिलेली डीव्हीडी कुणाला चुकून पुसता येत नाही, व्हायरसलाही नाही, हा तिचा मोठा गुण. पण ती वाचणारं यंत्र आणि उघडणारा माणूस दोन्ही लागतात.

म्हणून माझं मत सरळ आहे. घरातल्या आठवणी आणि घरातले व्यवहार वेगवेगळ्या डिस्कवर ठेवा. फोटो, आवाज, पत्रं यांना कुलूप नको. उलट त्यांच्या दोन-तीन प्रती भावंडांत वाटून टाका. व्यवहारांना कुलूप घाला, पण पासवर्ड, प्रोग्रॅमचं नाव आणि त्याची आवृत्ती कागदावर लिहून मृत्युपत्राजवळ ठेवा. कागद डिस्कच्या डब्यात मात्र नको. आणि वर्षातून एकदा, दिवाळीच्या साफसफाईत म्हणा, दुसऱ्या कुणाला तरी त्या कागदावरून डिस्क उघडायला सांगा. आपण स्वतः उघडली तर ती परीक्षा नव्हे. आपल्याला उत्तर आधीच ठाऊक असतं.

माझा कागद मी लेकीकडे दिला आहे. तिने माझ्यादेखत उघडून पाहिलं. पहिल्यांदा उघडलं नाही; मी एक अक्षर चुकीचं लिहिलं होतं.

दादांना रोजचा जमाखर्च लिहायची सवय होती. रविवारी वहिनींकडे जाऊन २०११ सालच्या वह्या पानन् पान चाळणार आहे.